विज्ञान शिकणारी मुले, उशीच्या अभ्र्यावर : प्रकल्पाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

विज्ञान शिकणाऱ्या मुलांची जुनी चित्रे आणि छायाचित्रे शोधून, ती सुती कापडावर छापून त्यांच्या शोभेच्या उश्यांचा एक संच तयार करण्याचे काम आजपासून सुरू केले. तयार अभ्रा ४० सेंमी चौरस असेल, पुढच्या बाजूला चित्र आणि मागच्या बाजूला साधे कापड व चित्राची माहिती अशी प्राथमिक मांडणी ठरली आहे.

निवडीची कसोटी मात्र पहिल्याच दिवशी लिहून ठेवणे मला गरजेचे वाटते, कारण जुन्या चित्रांच्या ढिगात शिरले की जे जे गोड दिसते ते ते घ्यावेसे वाटू लागते. चित्रातले मूल काहीतरी करत असले पाहिजे किंवा काहीतरी निरखत असले पाहिजे. त्याचा हात किंवा त्याची नजर उपकरणावर, पानावर, गोलावर, ज्योतीवर असली पाहिजे आणि ती वस्तू व ते मूल दोन्ही एकाच चौकटीत मावले पाहिजे. सूक्ष्मदर्शक टेबलावर ठेवून शेजारी कॅमेऱ्याकडे बघत उभ्या केलेल्या मुलाचे छायाचित्र कितीही देखणे असले तरी ते या संचात बसत नाही.

८ फेब्रुवारी

पहिले चित्र नक्की झाले. जोसेफ राइट या इंग्रज चित्रकाराने १७६६ मध्ये प्रदर्शित केलेले हे तैलचित्र आज डर्बीच्या संग्रहालयात आहे. त्यात एक तत्त्वज्ञ ऑररीवर, म्हणजे सूर्यमालेच्या यांत्रिक प्रतिकृतीवर, व्याख्यान देतो आहे. सूर्याच्या जागी एक दिवा ठेवलेला आहे, पण तो दिवा आपल्याला दिसत नाही. पुढे पाठमोरी उभी असलेली काळोखी आकृती त्याला झाकते आणि त्याचा उजेड भोवती जमलेल्यांच्या चेहऱ्यांवर तेवढा पडतो. त्यातही सर्वांत उजळ आहेत ते दोन लहान मुलांचे चेहरे. ही मुले यंत्राच्या पितळी कड्यांवर झुकली आहेत आणि वरून कोण काय समजावून सांगते आहे याकडे त्यांचे लक्ष नाही. त्यांना ग्रह दिसतो आहे आणि तेवढे त्यांना पुरेसे आहे.

मूळ चित्र आडवे, साधारण १४७ × २०३ सेंमीचे आहे, त्यामुळे चौरसात घेताना काही भाग सोडावाच लागणार. मी मुलांचे चेहरे आणि कड्यांची मोठी कमान एवढेच ठेवून बाकीच्या प्रौढ श्रोत्यांना बाहेर जाऊ दिले. व्याख्याता वरच्या कडेला अर्धवट राहतो, आणि मला ते योग्य वाटते, कारण या संचाचा विषय शिकवणारा नाही, शिकणारे आहेत.

याच चित्रकाराचे १७६८ मधले हवेच्या पंपावरील प्रयोगाचे चित्र जास्त प्रसिद्ध आहे. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात काचेच्या गोलातली हवा काढून घेतली जात आहे, आत एक पक्षी तडफडतो आहे आणि दोन मुलींपैकी एकीने डोळे झाकून घेतले आहेत. चित्र म्हणून ते मला ऑररीच्या चित्रापेक्षाही थोर वाटते. तरीही ते घेतले नाही. ज्या वस्तूवर माणूस डोके टेकणार आहे, तिच्यावर मरणाऱ्या पक्ष्याकडे पाहू न शकणारी मुलगी छापणे हे त्या मुलीच्या वेदनेलाही धरून होणार नाही.

११ फेब्रुवारी

मायकेल फॅरडे यांच्या नाताळच्या व्याख्यानांचे चित्र पाहिले. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ही मुलांसाठीची व्याख्याने १८२५ पासून सुरू झाली आणि फॅरडे यांनी त्यांतल्या १९ मालिका स्वतः दिल्या. मेणबत्तीच्या रसायनशास्त्रावरची त्यांची मालिका आजही वाचली जाते. अलेक्झांडर ब्लेकली यांनी डिसेंबर १८५५ मधल्या व्याख्यानाचे जे चित्र काढले, त्यात समोर राजपुत्र बसलेले आहेत आणि सभागृह गच्च भरलेले आहे. अडचण अशी की ४० सेंमीच्या चौरसात सगळे सभागृह घेतले तर चेहरे बोटाच्या पेराएवढेही राहत नाहीत, आणि मुलांवर चौकट आणली तर फॅरडे आणि त्यांचे टेबल दोन्ही बाहेर जातात. नजर राहते, पण नजर कशावर आहे ते राहत नाही. चित्र बाजूला ठेवले.

१७ फेब्रुवारी

गेले काही दिवस फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन यांच्या छायाचित्रांत गेले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये त्यांचा मोठा संग्रह आहे आणि त्यातली बरीच चित्रे मोठ्या आकाराच्या फाइलमध्ये उतरवून घेता येतात. १८९९ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या सार्वजनिक शाळांतले वर्ग टिपले आणि त्याच सुमारास व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूट या, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या शिक्षणसंस्थेतलेही. दोन्ही मालिका १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी होत्या.

काचेच्या प्लेटवर, खिडकीतून येणाऱ्या उजेडात छायाचित्र घ्यायचे म्हणजे वर्गातल्या प्रत्येकाला काही काळ निश्चल राहणे भाग होते. त्यामुळे ही चित्रे मांडलेली आहेत हे उघड दिसते, आणि माझ्या कसोटीवर ती उतरणार नाहीत अशी मला शंका होती. पण जॉन्स्टन यांनी मुलांना बसवताना कॅमेऱ्याकडे बघायला लावले नाही. कामाच्या ऐन मध्यात थांबवले. एखादी मुलगी हातातल्या वस्तूकडे बघत थांबली आहे आणि तिच्या शेजारची तिच्या हाताकडे. स्तब्धता असूनही लक्ष कुठे आहे ते स्पष्ट कळते.

हॅम्प्टनच्या मालिकेत गणिती भूगोलाच्या वर्गाचे एक छायाचित्र आहे, ज्यात विद्यार्थी पृथ्वीचे सूर्याभोवतीचे भ्रमण अभ्यासत आहेत. ही मुले नाहीत, वयात आलेले विद्यार्थी आहेत, तरीही मी ते घेणार आहे. हॅम्प्टनची स्थापना १८६८ ची, गुलामगिरी संपून तीनच वर्षे झाली होती तेव्हाची, आणि या छायाचित्रातल्या अनेकांच्या आई-वडिलांच्या पिढीला लिहावाचायला शिकवणे हाच कित्येक राज्यांत गुन्हा मानला जात होता. राइटच्या चित्रातली मुले दिव्याभोवती जे पाहत होती, तेच सुमारे १३० वर्षांनी हे विद्यार्थी वर्गात मोजून-मापून शिकत आहेत. या दोन उश्या शेजारी शेजारी ठेवल्या तर संच कशाबद्दल आहे ते वेगळे सांगावे लागणार नाही. मात्र हे छायाचित्र नुसते ‘जुनी शाळा’ म्हणून छापणे अनुचित ठरेल. संस्थेचे नाव, साल आणि छायाचित्रकाराचे नाव मागच्या बाजूला आलेच पाहिजे, आणि इथून पुढे हा नियम सगळ्याच उश्यांना लागू राहील.

वॉशिंग्टनच्या शाळांची बरीच छायाचित्रे सायनोटाइप पद्धतीच्या निळ्या प्रतींत जपलेली आहेत. ही पद्धत जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली. लोहक्षारांवर प्रकाश पडला की प्रशियन निळा रंग तयार होतो आणि उरलेले क्षार नुसत्या पाण्याने धुऊन निघतात. वर्गात निसर्ग निरखणाऱ्या मुली स्वतः एका रासायनिक क्रियेच्या निळ्या रंगात उमटलेल्या आहेत, हे मला इतके मोलाचे वाटते की तो निळा काढून चित्र काळे-पांढरे करण्याची सूचना मी मान्य केली नाही. निळा तसाच राहील.

२० फेब्रुवारी

हक्कांची तपासणी. अमेरिकेत १९३० पूर्वी प्रकाशित झालेली कामे या वर्षाच्या १ जानेवारीपासून सर्वांसाठी खुली झालेली आहेत. युरोपात कलावंताच्या मृत्यूनंतर ७० वर्षांची मुदत असते आणि जॉन्स्टन यांचे निधन १९५२ मध्ये झाले असल्याने तीही संपलेली आहे. राइट आणि ब्लेकली यांच्याबाबत प्रश्नच नाही. तरीही प्रत्येक चित्रासाठी संस्थेच्या पानावरचे हक्कविषयक विधान जसेच्या तसे उतरवून फाइलला जोडले आहे.

खरा निर्णय घ्यावा लागला तो पुढच्या काळातल्या छायाचित्रांबद्दल. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक आकाशात गेल्यानंतरच्या वर्षांतली, दुर्बिणी आणि अग्निबाणांच्या प्रतिकृती घेतलेल्या मुलांची छायाचित्रे फार मोहक आहेत, आणि काहींचे हक्कही मोकळे आहेत. पण त्यांतली मुले आज सत्तरीच्या घरात असतील. कायद्याने छायाचित्र वापरता येते म्हणून एखाद्या हयात व्यक्तीचा बालपणीचा चेहरा तिला न विचारता विक्रीच्या वस्तूवर छापावा, हे मला पटत नाही. त्यामुळे संच पहिल्या महायुद्धाच्या अलीकडे येणार नाही.

१ मार्च

कोरीव चित्रांचा विषय निघाला आणि सगळा आठवडा त्यातच गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये गास्तों तिसांदिए यांनी १८७३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान नियतकालिकात लुई पोयए यांची लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे येत. घरातल्या साध्या वस्तूंनी करायच्या प्रयोगांची त्यांची चित्रे म्हणजे माझ्या कसोटीचे मूर्त रूप आहे : तोल साधणारी वस्तू, तिच्याखाली बोटांची नेमकी ठेवण आणि बघणाऱ्याची वाकलेली मान.

अशा ठशात राखाडी छटा नसते. जे काही आहे ते रेघ आहे. रेघा जवळ आल्या की सावली, दूर गेल्या की उजेड. म्हणून ही चित्रे कापडावर फार चांगली उठावीत अशी अपेक्षा होती, पण पहिल्या नमुन्यात मुलाच्या बाहीवर, जिथे समांतर रेघा दाट आहेत, तिथे पाण्यावर उठावेत तसे पट्टे दिसू लागले. भिंग लावून पाहिल्यावर कारण लक्षात आले. मूळ चित्र साधारण १० सेंमी रुंद आहे आणि त्यातल्या दाट रेघांमधले अंतर पाव मिलिमीटरच्या आसपास आहे. ते ३६ सेंमीपर्यंत मोठे केले की हे अंतर ०.९ मिमी होते. ज्या कॅनव्हासवर नमुना काढला, त्याचे एका सेंटिमीटरला २० धागे आहेत, म्हणजे दर अर्ध्या मिलिमीटरला एक धागा. एका रेघेच्या वाट्याला दोन धागेसुद्धा येत नाहीत. कुठे रेघ धाग्याच्या माथ्यावर पडते, कुठे दोन धाग्यांमधल्या खाचेत, आणि हा फरक ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे डोळ्यांना तिसराच पट्टा दिसतो.

उपाय दोन होते : चित्राचा लहान भाग घेऊन तो आणखी मोठा करणे, किंवा बारीक विणीचे कापड घेणे. चित्र कापले तर मूल आणि प्रयोग यांची ताटातूट होते, म्हणून कापड बदलले. सेंटिमीटरला ३० धागे असलेल्या पॉपलिनवर एका रेघेला जवळजवळ तीन धागे मिळतात आणि पट्टे जातात. बाहीची घडी, नखाची कड, काचेच्या पेल्यातली पाण्याची पातळी हे सगळे आता हातभर अंतरावरून वाचता येते. पॉपलिन पातळ असल्याने आतून अस्तर लावावे लागेल; ते मान्य आहे. तैलचित्रासाठी मात्र कॅनव्हासच राहील, कारण त्यात रेघा नाहीत आणि जाड पोत त्याला शोभतो.

६ मार्च

फाइल तयार करण्याचे नियम ठरवले. शिलाईची जागा धरून ४३ सेंमीचे छापील क्षेत्र आणि दर इंचाला १५० बिंदू, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे २,५४० पिक्सेल; त्याहून लहान फाइल संगणकावर ताणून वापरायची नाही. डाग आणि ओरखडे चेहऱ्यावरून काढायचे, उपकरणावरून काढताना मूळ भाग शाबूत आहे याची खात्री करायची. काळ्या-पांढऱ्या चित्रांत रंग भरायचे नाहीत.

आणखी एक नियम महत्त्वाचा आहे. उश्यांची जोडी समोरासमोर दिसावी म्हणून चित्र आरशासारखे उलटे करण्याची पद्धत सजावटीच्या कामात सर्रास आहे. विज्ञानाच्या चित्रात ती चालणार नाही. फळ्यावरची अक्षरे उलटी होतात हे कोणाच्याही लक्षात येईल, पण स्क्रूचे उजवे आटे डावे होतात आणि पृथ्वीच्या गोलावर पूर्व-पश्चिम बदलतात हे सहज निसटून जाते. जे मूल ही उशी मांडीवर घेऊन गोल बघेल, त्याला खरा गोल दिसला पाहिजे.

१५ मार्च

शाईची निवड झाली. सुती कापडासाठी दोन मार्ग होते. पिगमेंट शाईत रंगाचे कण बंधकाच्या मदतीने धाग्याच्या पृष्ठभागावर चिकटतात आणि १५० अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेने पक्के होतात. ही शाई पसरत नाही, रेघ धारदार राहते. रिॲक्टिव्ह शाईत रंगाचा रेणू कापसातल्या सेल्युलोजशी रासायनिक बंधाने जोडला जातो. त्यासाठी कापडाला आधी अल्कली आणि युरियाचा लेप द्यावा लागतो, छपाईनंतर साधारण १०२ अंशांच्या वाफेत ठेवावे लागते आणि न जुळलेला रंग निघून जाईपर्यंत धुवावे लागते. काम अधिक, पण कापडाचा स्पर्श बदलत नाही.

राइटच्या चित्राचा निम्म्याहून अधिक भाग गडद तपकिरी आणि काळा आहे. तो पिगमेंटमध्ये छापून पाहिला, तेव्हा कापडाला कडकपणा आला आणि ओले पांढरे फडके घासल्यावर त्यावर स्पष्ट करडा डाग उतरला. उशीला गाल लागतो, केस लागतात, उन्हाळ्यात घाम लागतो. असा डाग चालणार नाही. तोच तुकडा रिॲक्टिव्हमध्ये छापून घासला, तेव्हा कोरड्या फडक्यावर काहीच दिसले नाही आणि ओल्यावर अगदी पुसट छटा आली. तैलचित्र, हॅम्प्टनचे छायाचित्र आणि निळे छायाचित्र रिॲक्टिव्हमध्ये, पोयए यांची रेखाचित्रे पिगमेंटमध्ये, असा निर्णय झाला. रेखाचित्रांत पांढरा भाग जास्त असल्याने तिथे डागाचा प्रश्न जवळजवळ येत नाही.

खरा प्रशियन निळा वापरावा असा विचारही मनात होता, पण तो साबणातल्या अल्कलीने फिका पडून पिवळट होतो. निळी छटा जुळवूनच घ्यावी लागेल. ही जुळणी दिवसाच्या उजेडात आणि घरातल्या पिवळ्या दिव्याखाली अशी दोन्हीकडे पाहिली. एकीकडे बरोबर वाटणारा निळा दुसरीकडे जांभळ्याकडे झुकत होता, म्हणून मिश्रणातला किरमिजी कमी करून घेतला.

२२ मार्च

आजचा दिवस गोल गोल राहण्यासाठी खर्च झाला. रिॲक्टिव्ह छपाईचे कापड आधी धुऊन आटवून घेता येत नाही, कारण त्यावरचा लेपच धुऊन जाईल. त्यामुळे ते छपाईनंतरच्या धुण्यात आटते, आणि तेही दोन्ही दिशांना सारखे आटत नाही. विणताना उभे धागे ताणलेले असतात, पाणी लागताच ते आपला ताण सोडतात, म्हणून उभ्या दिशेने कापड अधिक आखडते. माणसाच्या चेहऱ्यात एवढा फरक ध्यानात येत नाही, पण पृथ्वीचा गोल चपटा झाला की लगेच डोळ्यांत खुपतो. कापडावर नेमकी वर्तुळे छापून, वाफ आणि धुणे पूर्ण करून, इस्त्रीनंतर दोन्ही व्यास मोजले आणि त्या प्रमाणात चित्र उभ्या दिशेने आधीच लांब केले. आता ऑररीची कमान आणि हॅम्प्टनच्या वर्गातला गोल दोन्ही धुतल्यानंतर जागेवर येतात. ताग्याचा गठ्ठा बदलला की हे मोजमाप पुन्हा करायचे, अशी सूचना फाइलवर ठळकपणे लिहिली आहे.

२९ मार्च

शिवणकाम. अभ्र्यापेक्षा आतली गादी मोठी, ४५ सेंमीची घेतली म्हणजे उशी भरीव दिसते. भरीव उशी मध्यभागी फुगते आणि कडा मागे वळतात, म्हणून कडेपासून ५ सेंमीच्या आत एकही डोळा किंवा बोट येऊ नये, हे छपाईच्या आराखड्यातच बांधून घेतले होते. तरी कोपरे कानांसारखे टोकदार निघत होते. शिवणकाम पाहणाऱ्या मावशींनी नमुना हातात घेऊन सांगितले, “कोपरा काटकोनात शिवू नका. कडेच्या मध्यापासूनच थोडं थोडं आत घेत या, मग भरल्यावर चौकोन सरळ दिसेल.” त्यांनी प्रत्येक कोपऱ्यात सुमारे दीड सेंटिमीटर आत घेतले आणि कडा खरोखरच सरळ दिसू लागल्या. चित्राला छापील चौकट नसल्याचा इथे फायदा झाला. चौकटीची रेघ असती तर ती या वळणात वाकडी दिसली असती.

चेन मागच्या बाजूला, खालच्या शिवणीपासून थोडी वर आणि झाकलेली. बटणे, मणी, गोंडे काहीही नाही, कारण उश्या लहान मुलांच्या हातात जाणार आहेत आणि सुटा तुकडा तोंडात जातो.

५ एप्रिल

मागच्या बाजूचा मजकूर छापून आला. तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत ‘ध’ आणि ‘घ’ यांची पोकळी शाईने भरून गेली आहे आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटला आहे. कॅनव्हासवर हे अधिक, पॉपलिनवर कमी. अक्षराची उंची पाच मिलिमीटर केली, हलक्या वजनाचा टंक घेतला आणि मजकूर आटोपशीर केला : चित्राचा विषय, कलावंताचे नाव, साल, मूळ प्रत जिथे आहे ती संस्था. हॅम्प्टनच्या उशीवर एक वाक्य अधिक राहील, ते संस्थेच्या स्थापनेबद्दलचे. पॉपलिनच्या अभ्र्यांवर हाच मजकूर अस्तराच्या जोडाला न लागता दोन सेंटिमीटर वर घ्यायचा आहे.

धुण्याची सूचना दोन्ही शायांना चालेल अशी एकच ठेवली : उलटा करून, थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवावा, सावलीत वाळवावा, इस्त्री मागच्या बाजूने करावी. सुधारलेल्या मजकुरासह राइट, हॅम्प्टन आणि निळ्या छायाचित्राच्या फाइल छपाईला रवाना केल्या. पोयए यांच्या चित्रांपैकी दोन पक्की झाली आहेत. तिसऱ्यात प्रयोग करणारा हात दिसतो पण मूल दिसत नाही, म्हणून त्याच्या जागी दुसरे शोधायचे आहे.